आठवड्याला अठ्ठावन्न तास

त्याचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर होतं. बाकी सगळीकडे तो कात्री. ऑफिसातले साहेब, फाटकावरचा वॉचमन, झाडूवाली मावशी, सगळे त्याला कात्रीच म्हणायचे, आणि बायको चिडली की तीसुद्धा. कुंपणाची झुडपं कापायची लांब दांड्यांची कात्री त्याच्या हातून सुटायचीच नाही. डबा खायला बसला तरी ती मांडीशी. एकदा तर तसाच कात्री काखेत मारून दवाखान्यात इंजेक्शन घ्यायला गेला आणि डॉक्टर खुर्चीतून अर्धवट उठले.

बावीस वर्षं त्याने एकच मैदान सांभाळलं. ऑफिसची पाच मजली इमारत, तिच्यासमोर हिरवळीचा लांबरुंद तुकडा, कडेने झुडपांचं कुंपण, मधून फरशीची पायवाट. एवढंच. बघणाऱ्याला वाटावं, यात बावीस वर्षं करण्यासारखं आहे काय? पण कात्रीला हे विचारायची सोय नव्हती. विचारलं की तो तुम्हाला तासभर सोडायचा नाही. गवताचं पातं तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापायचं नाही. ओलं असताना मशीन घालायचंच नाही. आज उभं कापलं तर पुढच्या वेळी आडवं, नाहीतर गवताला एकाच बाजूला झोपायची खोड लागते. सकाळी आल्याआल्या तो चपला काढून सगळ्या मैदानावर अनवाणी फिरायचा. कुठे माती घट्ट झाली, कुठे पाणी मुरत नाही, हे त्याला तळपायाला कळायचं. कुणी पायवाट सोडून गवतातून आडवं गेलं की संपलंच. मग तो शिपाई असो की सगळ्यात वरच्या मजल्यावरचा साहेब. "साहेब, पाय आहेत की रोलर?" असं त्याने एकदा खुद्द मोठ्या साहेबांना विचारलं होतं. साहेब हसले म्हणून निभावलं.

इमारतीच्या मागे दुसरं मैदान होतं आणि तिथे दुसरा माळी. त्याचं नाव निवांतराव. हेही ठेवलेलंच, आणि ज्याने ठेवलं त्याला बक्षीस द्यायला हवं होतं. हा माणूस कधी घाईत असलेला कुणी पाहिला नाही. त्याच्या मैदानात निम्मं गवत, निम्मं तण, आणि तणाला बारीक पिवळी फुलं यायची ती तो मुद्दाम राहू द्यायचा. म्हणायचा, "राहू दे की. त्यांनी काय घोडं मारलंय?" आठवड्यातून एकदा मशीन फिरवली की याचं काम झालं. मग झाडाखाली बसून चहा.

कात्रीला त्याचा राग यायचा. अगदी मनापासून. "हे मैदान आहे का उकिरडा?" म्हणून रोज भांडायचा. आणि रोज दुपारी डबा मात्र त्याच्याच शेजारी बसून उघडायचा. वीस वर्षं दोघांनी एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं. निवांतरावाची बायको गेली तेव्हा महिनाभर दोन डबे कात्रीच्या घरून यायचे, आणि कात्रीचा पाय मोडला तेव्हा दीड महिना पुढचं मैदान निवांतरावाने सांभाळलं. सांभाळलं म्हणजे काय, तण माजवून ठेवलं. ते काढता काढता कात्रीच्या नाकी नऊ आले. शिव्याही त्याने भरपूर घातल्या. निवांतराव हसत होता.

अशात एके दिवशी सुपरवायझरने दोघांना ऑफिसात बोलावलं. सुपरवायझर तसा बरा माणूस, पस्तिशीचा, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत न बघता टेबलावरच्या पेनाकडे बघणारा.

"वरून पत्र आलंय," तो पेनाला म्हणाला. "दोन्ही मैदानांची तपासणी होणार. एक फॉर्म भरून द्यायचा, मग एक बाई येऊन मोजणी करतील. त्यानंतर दोघांपैकी एकच राहील."

"एकच म्हणजे?" कात्री म्हणाला.

"एकच म्हणजे एकच. एक माळी, एक मैदान. दुसऱ्या मैदानाचं काय करायचं ते वरचे ठरवतील. मला विचारू नका, मलाही एवढंच कळवलंय."

दोघं बाहेर आले. निवांतरावाने खिशातून चुन्याची डबी काढली, उघडली, बंद केली. "बघू," म्हणाला आणि मागे निघून गेला.

कात्री मात्र तिथेच हिशेब करत राहिला. चोपन्नावं वर्ष चालू होतं. चोपन्नाव्या वर्षी सुटलेल्या माळ्याला कोण कामावर ठेवतो? आणि घरात लेक होती. ती बागकामाचा डिप्लोमा करत होती, दुसरं वर्ष, आणि ते तिने निवडलं होतं बापाच्या शब्दावर. ती म्हणत होती नर्सिंग. याने हट्ट धरला. "माणसं बरी होतात, दवाखान्यातून घरी जातात. गवत वाढायचं थांबतं का कधी? आपल्या कामाला मरण नाही." कॉलेजातून तिला एक छापील पान मिळालं होतं, कुठल्या क्षेत्रात पुढे किती नोकऱ्या. बागा आणि मैदानांची देखभाल या ओळीपुढे वर जाणारा बाण होता. तो बाण पाहून हा गडी आठवडाभर हवेत होता. फाटकावरच्या वॉचमनलासुद्धा त्याने सांगितलं, "छापून आलंय. वाढतीच मागणी आहे." आता तिची राहिलेली दोन वर्षं निघेपर्यंत पुढचं मैदान हातात राहायला हवं होतं. बाकी काही नको.

आणि खरं सांगायचं तर त्याला फार काळजी वाटायचं कारण नव्हतं. दोन मैदानं समोरासमोर ठेवली तर कोण जाणार हे आंधळ्यालाही कळलं असतं. त्याला वाईट वाटत होतं ते निवांतरावाचं. पण वाईट वाटणं वेगळं आणि आपली जागा सोडणं वेगळं. त्याच दुपारी त्याने स्टोअरमधून युरियाची पिशवी काढली.

आता हे गवतवाल्यांनाच कळेल. युरिया टाकून भरपूर पाणी दिलं की पाचसहा दिवसांत हिरवळ अशी गडद होते की बघत राहावं. एरवी कात्री त्याच्या वाऱ्याला उभा राहायचा नाही. "ही जबरदस्तीची वाढ, मुळं कच्ची राहतात," असं तोच सगळ्यांना सांगायचा. पण मोजणीवाली बाई यायची होती. बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी खास त्याचं मैदान बघायला येणार होतं. त्याने डोळ्यांत तेल घालून काम केलं. कडा अशा कापल्या की पट्टी लावून बघावं. सुट्टीच्या दिवशीही गेला. बायको म्हणाली, "तिथेच एक गादी टाका ना! आम्ही येत जाऊ भेटायला."

फॉर्म भरायचा होता संध्याकाळी, घरी. कात्रीला वाचता यायचं, पण फॉर्म म्हटलं की त्याच्या हाताला घाम सुटायचा. म्हणून लेक लिहायला बसली. मैदानाचा आकार, पाण्याचे नळ किती, यंत्रं कोणती, असं करत करत ती एका रकान्यापाशी आली. मैदानाच्या देखभालीला आठवड्याला किती तास लागतात?

"अठ्ठावन्न," कात्री म्हणाला.

लेकीने पेन थांबवलं. "बाबा, तुमची ड्युटी अठ्ठेचाळीस तासांची आहे."

"आणि सुट्टीच्या दिवशी जातो ते? सकाळी तासभर आधी जातो ते? ते काय हवेत गेले? लिही अठ्ठावन्न."

"पण ते नक्की काय विचारतायत? लागतात किती असं विचारलंय. तुम्ही देता किती, असं नाही."

"अगं, लागतात म्हणूनच देतो ना! मी काय तिथे पत्ते खेळतो? त्यांना कळू दे, इथे माणूस किती लागतो. माणूस लागतो हे कळलं तर माणूस ठेवतील."

यात खोट काढायला तिलाही काही सापडलं नाही. माणसाची गरज जितकी जास्त, तितकी त्याची जागा पक्की, हे कुणालाही पटेल. तिने अठ्ठावन्न लिहिलं. बापाने मान वळवून आकडा बघितला आणि खूश झाला. चांगला भरदार दिसत होता.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना निवांतरावाने विचारलं, "तासांचं काय लिहिलंस?"

कात्रीने सांगितलं नाही. आधी त्यालाच विचारलं.

"मी खरं तेच लिहिलं," निवांतराव म्हणाला. "अकरा."

कात्रीला ठसका लागला. "अकरा? अरे, वेडा की काय? आठवड्याला अकरा तास काम करतो असं लेखी दिलंस?"

"लागतात तेवढेच. आणि हे बघ, तूही कमीच लिही. एवढं जास्त बघितलं तर घाबरतील ते."

कात्रीने मान डोलावली आणि डब्यात बघत राहिला. मनात म्हणाला, वा रे वा, मला कमी लिहायला सांगतो म्हणजे आपण दोघं एका पातळीवर! वीस वर्षांच्या दोस्तावर त्याने त्या क्षणी डाव खेळल्याचा संशय घेतला. आणि त्याहून वाईट म्हणजे, बरं झालं याने स्वतःहून अकरा लिहिलं, असं त्याला वाटलं. मग तो स्वतःवरच वैतागला. डबा अर्धा टाकून उठला.

मोजणीवाली बाई आली ती गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब आणि पायात पांढरे बूट घालून. बोलायला गोड होती. तिने मैदानात चार ठिकाणी छोट्या खुंट्या ठोकल्या, गवताची उंची मोजली, फोटो काढले आणि म्हणाली, "किती सुंदर ठेवलंय हो तुम्ही! मी आत्तापर्यंत तीस-चाळीस मैदानं पाहिली असतील. असं एकही नव्हतं."

कात्रीची छाती फुगली. तो तिला एकेक गोष्ट दाखवत सुटला. तिनेही सगळं विचारलं. पाणी किती वेळा? दोनदा. कापणी? आता दिवसाआड करावी लागते, ताई, फार जोमाने वाढतंय. एका माणसाला जमतं? मीच करतो म्हणून जमतं, दुसऱ्याचं काम नव्हे ते! ती हसून सगळं टॅबवर टिपत होती. मागच्या मैदानात ती दहा मिनिटंच थांबली. निवांतरावाने तिला चहा दिला म्हणे.

दहा दिवसांनी ती पुन्हा आली, खुंट्यांपाशी गवताची वाढ मोजली आणि गेली. त्या दहा दिवसांत युरिया आपलं काम करत होता. गवत कापून आवरत नव्हतं इतक्या झपाट्याने वाढत होतं.

निकाल सुपरवायझरने पेनाला सांगितला. पुढचं मैदान जाणार. तिथे प्लास्टिकची हिरवळ आणि कडेने पांढरे गोटे. मागचं मैदान आहे तसं राहील, आणि निवांतराव त्यावर.

कात्रीला आधी वाटलं, साहेबांनी नावं उलटी वाचली. "साहेब, पुढचं? माझं? त्या बाई स्वतः म्हणाल्या, असं मैदान पाहिलं नाही!"

"म्हणाल्या ना. रिपोर्टमध्येही लिहिलंय, उत्कृष्ट." सुपरवायझरने रिपोर्टला जोडलेला त्याचाच फॉर्म पुढे सरकवला आणि पेन तासांच्या रकान्यावर टेकवलं. "पण यादी लावलीय ती या आकड्यावर. ज्या मैदानाला माणसाचा वेळ सगळ्यात जास्त, ते आधी काढायचं. कापणी दिवसाआड, पाणी दोनदा, तास अठ्ठावन्न. मागच्याला अकरा. म्हणजे पैसे वाचवायचे असतील तर कुठलं काढतील तुम्हीच सांगा."

कात्रीने कागदावर आपला आकडा पाहिला. लेकीच्या सुबक अक्षरातला. आपल्याच हाताने आपल्या पायावर एवढा मोठा धोंडा कुणी मारून घेतला नसेल.

"मग मला मागे ठेवा," तो म्हणाला, आणि म्हणताना त्याची त्यालाच लाज वाटली. "माझं काम तुम्हाला माहीत आहे."

"जागेबरोबर माणूस ठरलाय, काका. माझ्या हातात काही नाही." सुपरवायझर पहिल्यांदा त्याच्याकडे बघून बोलला. ते नसतं बघितलं तर बरं झालं असतं.

घरी लेकीने ऐकलं आणि ती रडायलाच लागली. "बाबा, मी लिहिलं ते. मला शंका आली होती. मी लिहायलाच नको होतं."

"गप गं. हात तुझा होता, तोंड माझं होतं," कात्री म्हणाला. बायको काहीतरी लागट बोलेल असं दोघांना वाटलं. तिने उठून फक्त दार लावून घेतलं, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून.

मग नोकरी शोधायचे दिवस सुरू झाले. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, ज्यांनी चोपन्नाव्या वर्षी शोधली त्यांना माहीत आहे आणि बाकीच्यांना खरं वाटणार नाही. कात्री शाळांत गेला, दवाखान्यांत गेला, नव्या सोसायट्यांच्या फाटकांवर उभा राहिला. एका ठिकाणी हिरवळ होती, पण तिच्यावर चकतीसारखा एक रोबोट गवत कापत आपला आपण फिरत होता, आणि त्याला पुसायला एक मुलगी ठेवली होती. एका ठिकाणी सगळी झाडं कुंड्यांत होती, भाड्याची. महिन्याला गाडी यायची, सुकलेली घेऊन जायची, ताजी ठेवून जायची. मरायला टेकलेल्या झाडाचं काही करायची तिथे कुणाला गरजच नव्हती.

शेवटी लेक त्याला रोजगार कार्यालयात घेऊन गेली. तिथे एक तरुण सल्लागार होता, अतिशय नम्र. त्याने कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला, आणि कात्रीने पाहिलं तर तोच वर जाणारा बाण!

"तुमच्या क्षेत्राचं भविष्य चांगलं आहे," सल्लागार म्हणाला. "मागणी दरवर्षी वाढतेय."

"मग द्या ना काम," कात्री म्हणाला.

सल्लागाराने यादी उघडली. यंत्र चालवायचा परवाना, वय पस्तिशीच्या आत. स्वतःची गाडी, वय चाळिशीच्या आत. फवारणीचं प्रमाणपत्र, तीन महिन्यांचं कंत्राट, पुढे बघू. स्वच्छता व हिरवळ सहायक, म्हणजे प्लास्टिकची हिरवळ ब्रशने विंचरायची, तेही सकाळचे दोन तास. "मागणी आहे," तो पुन्हा म्हणाला, जरा ओशाळून. "फक्त ती वेगळ्या प्रकारची आहे."

"आणि हिच्यासाठी?" कात्रीने लेकीकडे बोट केलं. "डिप्लोमा करतेय."

"हो का! छान. मॅडमना विक्रीत चांगला वाव आहे. कृत्रिम हिरवळीच्या कंपन्या अशीच मुलं घेतात."

बाहेर येऊन पायऱ्यांवर लेकीने पिशवीतलं पुस्तक काढलं, मातीच्या प्रकारांचं, पुन्हा आत ठेवलं. कात्रीला तिच्याकडे बघवेना. नर्सिंग म्हणत होती पोरगी. हट्ट याने धरला होता.

त्याच आठवड्यात सुपरवायझरचा फोन आला. मैदान काढायचं काम एका ठेकेदाराने घेतलं होतं आणि त्याला जुना माणूस हवा होता. जमिनीखालून नळ कुठून जातात, झाकणं कुठे आहेत, उतार कुठे आहे, हे माहीत असलेला. "चार दिवसांचंच आहे, काका. नको असेल तर सांगा, दुसरा बघतो." म्हणजे दुसरा येऊन नळ फोडणार. कात्री हो म्हणाला.

पहिल्या दिवशी त्याने पाठीला पंप बांधून आपल्या मैदानावर तणनाशक मारलं. कडेपासून सुरुवात केली, मग उभं, मग आडवं, एक बोटभर जागा सोडली नाही. हात दुसऱ्या पद्धतीने चालतच नव्हता. त्याला वाटलं होतं आपण रडू. रडू आलं नाही, आणि याचीच त्याला भीती वाटली. पुढे गवत पिवळं पडलं, मग खरवडलं, माती दाबली, काळं कापड अंथरलं. त्यावर हिरवे गालिचे. शिवण कुठे आहे ते शोधून सापडू नये असे त्याने ते जोडले. ऑफिसातल्या लोकांनी खिडकीतून बघून अंगठे दाखवले.

निवांतराव त्या चार दिवसांत रोज दुपारी डबा घेऊन पुढे यायचा. एकदाही म्हणाला नाही, मी सांगितलं होतं कमी लिही म्हणून. दुसरा कुणी असता तर दिवसातून दहादा म्हणाला असता. "तुला परत आणतो बघ मी इथे," एवढंच तो म्हणायचा. "तू नसलास तर मला शिव्या कोण देणार?" कात्रीने हसून सोडून दिलं. निवांतराव आणि कुणाला कुठे आणणार!

ठेकेदार गाडीतून उतरला, काम बघितलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "पंधरा वर्षं या धंद्यात आहे, इतकं साफ कुणी काढून दिलं नाही. माझ्याकडे राहता का? कायमचं. शाळा, दवाखाने, ऑफिसं, सगळ्यांना गवत काढायचंय. पाच वर्षं तरी पुरेल एवढी यादी आहे."

म्हणजे घ्या. शेवटी मिळाली नोकरी, आणि मागणी वाढतीच होती.

कात्री राहिला. न राहून काय करणार? लेकीला त्याने सांगितलं की बागकामाचंच आहे. तिने विचारलं नाही, कारण संध्याकाळी त्याच्या कपड्यांना येणारा तणनाशकाचा वास तिला ओळखू येत होता. आठ महिन्यांत त्याने एकोणीस मैदानं काढली. बहुतेक ठिकाणी माळी आधीच गेलेले असायचे. काही ठिकाणी मात्र असायचे. एका शाळेतला म्हातारा माळी काम चालू असेपर्यंत भिंतीला टेकून उभा होता आणि जाताना कात्रीला म्हणाला, "छान काम करता तुम्ही." तेव्हापासून कात्री गाडीतून उतरताना कुणाकडे बघायचा नाही. तो घरीही कमी बोलायला लागला. घराच्या खिडकीत बायकोने दोन कुंड्या ठेवल्या होत्या, त्यांना पाणी तीच घालायची.

मग एका शनिवारी ठेकेदाराने पुढच्या आठवड्याची यादी वाचली आणि त्यात ते ऑफिस आलं. मागचं मैदान.

"ते तर ठेवायचं ठरलं होतं," कात्री म्हणाला.

"ठरलं होतं. आता तिथलाही वेळ वाढलाय म्हणे, दोन माणसांचं काम झालंय. काढा म्हणाले." ठेकेदाराने मान वर केली. "का? काही अडचण आहे?"

कात्रीच्या तोंडाशी आलं होतं, मी नाही येणार. आलं तसंच गिळलं. लेकीची परीक्षा महिन्यावर होती.

रविवारी तो निवांतरावाच्या घरी गेला, सांगायचंच असं ठरवून. निवांतराव खाटेवर लोळत होता. त्याला बघून इतका हरखला, इतकं बोलत सुटला, की कात्रीला मध्ये शब्द घालायला जमेना. त्याने दोन वेळा सुरुवात केली. दोन्ही वेळा बाहेर पडलं ते भलतंच काहीतरी, हवेबद्दल. मग तो उठून घरी आला आणि जेवला नाही. ऑफिसवाले सांगतील, त्यांचं काम आहे ते, असं स्वतःची समजूत घालत राहिला. इतका भित्रा आपण कधी झालो, हे त्याला कळत नव्हतं.

सोमवारी सकाळी गाडी मागच्या फाटकाशी लागली. कात्री पंप घेऊन उतरला. निवांतराव झाडाखाली होता. तो उठला आणि चक्क पळत आला. वीस वर्षांत त्याला कुणी पळताना पाहिलं नव्हतं.

"आलास!" तो म्हणाला. धाप लागली होती त्याला. "काल काही बोलला नाहीस ते! मला सरप्राइज द्यायचं होतं काय रे? मला सुपरवायझर एवढंच म्हणाले, सोमवारपासून मैदानात काम आहे, माणसं येतील. मी तेव्हाच ओळखलं."

"काय ओळखलंस?"

"अरे, गेले सहा महिने त्यांच्या मागे लागलोय. एकट्याचं काम नाही हे, म्हटलं, दोन माणसं लागतात, कात्रीला परत बोलवा. आधी ऐकेनात. मग मीच वाढवून सांगायला लागलो, तण फार झालंय, पाणी पुरत नाही, दिवसभर वाकून पाठ गेली. शेवटी गेल्या महिन्यात त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि वर पाठवलं. ऐकलं बघ!" तो हसत होता, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. "किती महिने एकट्याने डबा खाल्लाय मी, माहितीये तुला?"

गाडीतून बाकीची माणसं काळ्या कापडाचे गुंडाळे उतरवत होती. निवांतरावाने तिकडे पाहिलंही नाही. त्याने कात्रीच्या खांद्यावरून पंपाचा पट्टा काढला आणि स्वतःच्या खांद्यावर चढवला.

"दे इकडे, दमलेला दिसतोस. खत आणलंस ना? ये, आज मी मारतो, तू बस सावलीत आणि शिव्या दे. बोल, कुठून सुरू करू?"

कात्रीने तोंड उघडलं. त्याला सगळं सांगायचं होतं.

"कडेपासून," तो म्हणाला.